वयानुसार केस विरळ होतायत? बायोटिनच्या गोळ्या आणि गमीज खरंच उपयोगी पडतात का?

कंगव्यात निघणारं गुंतवळ आधीपेक्षा मोठं दिसायला लागतं. वेणीला रबराचे दोन वेढे पुरायचे, तिथे आता चार लागतात. लग्नसमारंभातल्या फोटोत भांग रुंद दिसतो आणि दिव्याखाली उभं राहिलं की डोक्याची त्वचा चमकते.

चाळिशी-पन्नाशीतल्या अनेक महिलांना हा अनुभव येतो. मग व्हॉट्सअॅपवर कुणीतरी एखादं रील पाठवतं. त्यात गुलाबी रंगाच्या गमीजची बाटली असते, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो असतात आणि ९० दिवसांत केस दाट होतील असं आश्वासन असतं. महिन्याचा खर्च काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जातो. मैत्रिणीलाही फरक पडलेला असतो. मग आपणही घेऊन बघू, असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण या गोळ्यांनी खरंच केस परत येतात का?

थोडक्यात उत्तर असं: शरीरात एखाद्या घटकाची कमतरता असेल आणि त्यामुळे केस गळत असतील, तर ती कमतरता भरून काढल्यावर फायदा होतो. कमतरता नसेल, तर जास्तीचं जीवनसत्त्व घेऊन केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. आणि वयामुळे, हार्मोन्समुळे आणि आनुवंशिकतेमुळे केस विरळ होत असतील, तर त्यावर वेगळे उपचार आहेत. ते जितक्या लवकर सुरू होतात, तितका त्यांचा उपयोग जास्त.

म्हणजे आपले केस नेमके कशामुळे कमी होतायत, हे गोळी निवडण्याआधी कळायला हवं. ते कसं ओळखायचं, हे समजून घेऊ.

वयानुसार केस विरळ का होतात?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका छोट्या पिशवीतून उगवतो. तिला फॉलिकल म्हणतात.

प्रत्येक केसाचं स्वतःचं एक चक्र असतं. वाढीचा काळ साधारण दोन ते सहा वर्षांचा असतो आणि या काळात केस महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर वाढतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचा बदलाचा टप्पा येतो. मग केस सुमारे तीन महिने नुसता विश्रांती घेतो आणि शेवटी गळून पडतो. त्याच जागी नवा केस येतो.

कोणत्याही वेळी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या टप्प्यात असतात. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं सामान्य समजलं जातं.

वय वाढतं तसं हे चक्र बदलतं. वाढीचा काळ आखूड होतो. केसाची जाडी चाळिशीच्या मध्यापासून हळूहळू कमी होऊ लागते. काही महिलांमध्ये फॉलिकलच आकसत जातात. जिथून पूर्वी जाड, लांब केस यायचा, तिथून बारीक आणि आखूड केस येऊ लागतो. काही वर्षांनी तर नुसती लव उरते.

याला वैद्यकीय भाषेत 'फीमेल पॅटर्न हेअर लॉस' म्हणतात. यात कपाळावरची केसांची रेषा बहुतेक वेळा जागेवरच राहते. विरळपणा दिसतो तो भांगात आणि टाळूवर. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७ मध्ये या विरळपणाचे तीन टप्पे मांडले. आजही डॉक्टर ते वापरतात.

यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि त्या काळात हा विरळपणा अनेकींना पहिल्यांदा जाणवतो. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ वर्षं आहे. म्हणजे बऱ्याच महिलांच्या बाबतीत हे सगळं पन्नाशीच्या आतच सुरू होतं.

केस गळणं आणि केस विरळ होणं यात फरक काय?

या दोन्हींना आपण 'केस गेले' असंच म्हणतो. पण गोळीचा उपयोग होणार की नाही, हे बऱ्याच अंशी याच फरकावर ठरतं.

पहिल्या प्रकारात केस अचानक आणि मूठमूठभर गळतात. संपूर्ण डोक्यावरून गळतात. उशीवर, बाथरूमच्या जाळीवर, पदरावर सगळीकडे केस दिसतात. याला 'टेलोजेन एफ्लुव्हियम' म्हणतात. शरीराला मोठा धक्का बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात.

हा धक्का म्हणजे डेंग्यू, टायफॉइड किंवा कोव्हिडसारखा ताप असू शकतो. बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून झपाट्याने कमी केलेलं वजन किंवा घरातला मोठा मानसिक आघातही असू शकतो. ताप येऊन गेलेला असतो, आपण तो विसरूनही गेलेलो असतो आणि केस आत्ता गळायला लागतात. त्यामुळे दोन्हींचा संबंध लक्षात येत नाही.

या प्रकारात फॉलिकल शाबूत असतात. मूळ कारण दूर झालं, तर साधारण सहा महिन्यांत गळती थांबते आणि नवे केस येऊ लागतात.

दुसऱ्या प्रकारात फारसे केस गळताना दिसतही नाहीत. पण भांग वर्षागणिक रुंद होत जातो आणि वेणी बारीक होत जाते. हा वर सांगितलेला फीमेल पॅटर्न हेअर लॉस. तो आपोआप बरा होत नाही, हळूहळू वाढत जातो.

एकाच महिलेला दोन्ही त्रास एकाच वेळी असू शकतात. आधीच थोडा विरळपणा असतो आणि डेंग्यूनंतर तो एकदम उघडा पडतो.

बायोटिनमुळे केस वाढतात का?

केसांसाठीच्या बहुतेक उत्पादनांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं नाव म्हणजे बायोटिन, अर्थात व्हिटॅमिन बी-७.

केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनापासून बनतात, त्याच्या निर्मितीत बायोटिनचा सहभाग असतो. बायोटिनची तीव्र कमतरता झाली तर केस गळतात, हेही खरं आहे. जाहिराती इथपर्यंतचंच सांगतात.

पुढचा भाग असा की बायोटिनची कमतरता फार क्वचित आढळते. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. अंडी, शेंगदाणे, डाळी, बदाम, रताळी अशा रोजच्या पदार्थांतून ते मिळतं. केसांच्या गोळ्यांमध्ये मात्र ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅमपर्यंत बायोटिन असतं. म्हणजे गरजेच्या दीडशे ते तीनशेपट.

बायोटिन आणि केसांवरच्या अभ्यासांचा एक आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बायोटिन घेतल्याने केस किंवा नखं सुधारल्याची १८ रुग्णांची नोंद संशोधकांना मिळाली. या सर्वांना आधीपासूनच काही ना काही आजार होता, जसं की बायोटिनशी संबंधित जन्मजात दोष किंवा केस-नखांचा विकार. निरोगी व्यक्तींना बायोटिन देऊन केस वाढतात, असं दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

सतत कच्ची अंडी खाणं, दारूचं व्यसन, आतड्याचे काही आजार आणि फिट्सवरची काही औषधं यामुळे बायोटिन कमी होऊ शकतं. अशा व्यक्तींची गोष्ट वेगळी.

मग लोह, व्हिटॅमिन डी, बी-१२ आणि झिंक?

भारतातल्या महिलांसाठी खरा महत्त्वाचा मुद्दा आहे लोहाचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय होता. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. दर दोन महिलांमागे एकीहून जास्त.

चाळिशीनंतर पाळी अनियमित होते आणि अनेकींना रक्तस्राव जास्त होतो. शरीरातला लोहाचा साठा आणखी घटतो. फॉलिकलमधल्या पेशी फार वेगाने वाढतात आणि त्यांना लोह लागतं. साठा कमी पडला की केसांवर परिणाम होऊ शकतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. हिमोग्लोबिन १२ च्या वर असलं म्हणजे लोह पुरेसं आहे, असं नसतं. साठा किती आहे हे 'फेरिटिन' या तपासणीतून कळतं. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन कमी, असं बऱ्याचदा दिसतं. फेरिटिन कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेणं हा योग्य उपचार आहे. त्याने थकवा आणि धाप तर कमी होतेच, केसांची गळतीही काही जणींमध्ये कमी होते.

पाळी कायमची गेल्यानंतर लोह कमी आढळलं, तर नुसती गोळी घेऊन थांबू नये. महिन्याचा रक्तस्राव बंद झालेला असताना लोह कुठून कमी होतंय, हे शोधावं लागतं. जठरातला अल्सर, मूळव्याध किंवा आतड्यातली गाठ यातून नकळत रक्त जात असू शकतं. अशा वेळी केसांची तक्रार घेऊन गेलेल्या महिलेचा मोठा आजार वेळेत सापडू शकतो. आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या टॉनिकमुळे तो झाकलाही जाऊ शकतो.

व्हिटॅमिन डीची कमतरताही आपल्याकडे सर्रास आढळते. केस विरळ झालेल्या महिलांमध्ये ते कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ते भरून काढल्याने केस परत येतात का, याचा पुरावा अजून पक्का नाही. तरी हाडांसाठी ते लागतंच, त्यामुळे कमतरता असेल तर उपचार घ्यायलाच हवेत.

बी-१२ची कमतरता शाकाहारी लोकांमध्ये जास्त असते. मुंग्या येणं, थकवा, विस्मरण अशी लक्षणं असतील तर तपासणी करावी. झिंकच्या कमतरतेमुळे केस गळू शकतात. ती असेल तर झिंकचा उपयोग होतो, नसेल तर जास्तीच्या झिंकचा फायदा नाही.

कोलॅजेन पावडरचीही सध्या चलती आहे. कोलॅजेन हे प्रथिन आहे. पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखंच त्याचंही पचन होऊन लहान तुकडे होतात. ते थेट डोक्यावर जाऊन केस बनत नाहीत.

कंपन्या ज्या संशोधनाचा हवाला देतात, त्याचं काय?

केसांच्या सप्लिमेंट्सवर अजिबात संशोधन झालेलं नाही, असं म्हणणं चुकीचं ठरेल.

'जामा डर्मटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ च्या अखेरीस एक सविस्तर आढावा प्रसिद्ध झाला. त्यात केसगळतीसाठीच्या पोषक सप्लिमेंट्सवरचे ३० अभ्यास तपासले होते. काही उत्पादनांनी थोडा फायदा झाल्याचं दिसलं आणि दुष्परिणाम बहुतेक सौम्य होते. मात्र ठाम निष्कर्षासाठी आणखी मोठ्या आणि नीट आखलेल्या चाचण्या हव्यात, असं संशोधकांनी म्हटलं.

अडचण कुठे आहे, ते समजून घ्यायला हवं. यातले बरेच अभ्यास लहान आहेत. अमेरिकेत खूप खपणाऱ्या एका उत्पादनाची २०१८ ची चाचणी ४० महिलांवर आणि सहा महिने झाली होती. अनेक चाचण्यांचा खर्च उत्पादक कंपनीच करते. एका गोळीत दहा-वीस घटक असतात, त्यामुळे फायदा झाला तरी तो कशामुळे झाला हे सांगता येत नाही. आणि चौरस सेंटिमीटरमागे काही केस वाढले, हे मोजणीत दिसतं तेव्हा आरशातही दिसेलच असं नाही.

अमेरिकेतल्या एका मिश्रणाचा निकाल भारतात त्याच नावाचे दोन-तीन घटक असलेल्या गमीला लागू होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

पण मैत्रिणीला तर फरक पडला!

पडला असेल. तो गोळीमुळेच पडला का, हा प्रश्न आहे.

समजा, ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केस मूठभर गळायला लागले. घाबरून डिसेंबरमध्ये गोळ्या सुरू केल्या. फेब्रुवारी-मार्चपर्यंत गळती थांबली आणि कपाळाजवळ छोटे छोटे नवे केस दिसू लागले. श्रेय गोळीला मिळालं. पण टेलोजेन एफ्लुव्हियम साधारण याच वेळापत्रकाने आपोआप बरं होतं. गोळी घेतली नसती तरी केस आलेच असते.

बाळंतपणानंतरच्या गळतीचंही तेच. बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेक जणींचे केस परत येतात.

जाहिरातीतल्या फोटोंचंही तसंच आहे. 'आधी'च्या फोटोत केस ओले, तेलकट आणि भांग मधोमध असतो. डोक्यावर थेट प्रकाश असतो. 'नंतर'च्या फोटोत केस धुतलेले, वाळवलेले आणि भांग बाजूला असतो. एवढ्यानेच बराच फरक दिसतो.

मैत्रिणीचा अनुभव खोटा नसतो. पण तिची गळती वेगळ्या कारणाची असू शकते. तिला जे आपोआप मिळालं, ते फीमेल पॅटर्न हेअर लॉस असलेल्या महिलेला गोळी घेऊनही मिळत नाही. तिचं मात्र वर्ष-दीड वर्ष वाया जातं आणि त्या काळात फॉलिकल आकसत राहतात.

घेऊन बघायला काय हरकत आहे?

'फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही,' असं अनेकांना वाटतं. ते नेहमीच खरं नसतं.

काही घटक असे आहेत की ते जास्त झाले तर केसच गळतात. व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम ही त्यातली दोन ठळक नावं.

२००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये चुकून लेबलवर लिहिल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम मिसळलं गेलं. दहा राज्यांतल्या २०१ जणांना त्याची बाधा झाली. त्यातल्या बहुतेकांचे केस गळले, अनेकांची नखं खराब झाली.

सेलेनियमचं नाव महाराष्ट्रालाही नवं नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांना काही दिवसांत टक्कल पडू लागलं. आधी पाण्यावर संशय घेतला गेला. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियम जास्त आणि झिंक कमी आढळल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. गव्हाच्या मुद्द्यावरून वादही झाला. पण शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारा घटक जास्त झाला तर काय होऊ शकतं, याची चर्चा त्या निमित्ताने घरोघरी झाली.

केसांची गोळी, मल्टीव्हिटॅमिन आणि प्रोटीन पावडर असं तिन्ही एकत्र घेणाऱ्या व्यक्तीच्या पोटात तोच घटक तीन ठिकाणांहून जात असतो. म्हणून लेबलं शेजारी शेजारी ठेवून वाचणं गरजेचं आहे.

झिंक दीर्घकाळ जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. त्यातून रक्तक्षय आणि नसांचे त्रास होऊ शकतात. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिट्सची पुडी डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी देतात. ती महिनोन्महिने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. लोहाची गरज नसताना घेतलेलं लोह शरीरात साठत जातं.

बायोटिनचा धोका वेगळाच आहे. ते शरीराला सहसा इजा करत नाही, पण रक्ताच्या तपासण्यांचे आकडे बदलू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिन तपासणी बायोटिनमुळे खोटी 'नॉर्मल' येऊ शकते. जास्त बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाच्या बाबतीत असं घडलं आणि त्याचा मृत्यू झाला, असंही एफडीएने नमूद केलं.

थायरॉइडच्या तपासणीतही असाच घोळ होतो. थायरॉइड ठीक असताना ते वाढल्यासारखा रिपोर्ट येऊ शकतो. केसगळतीसाठी थायरॉइड तपासलं जातं आणि केसांसाठी घेतलेली गोळीच तो रिपोर्ट बिघडवते. म्हणून तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवावं आणि आपण ते घेतो हे डॉक्टरांना आणि लॅबला सांगावं. छातीत दुखून दवाखान्यात जावं लागलं, तर हे आवर्जून सांगायला हवं.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोह किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर थायरॉइडचं औषध नीट शोषलं जात नाही.

बाटलीवर काय लिहिलेलं असतं?

भारतात अशी बरीच उत्पादनं औषध म्हणून विकली जात नाहीत. ती अन्नाच्या गटात येतात आणि त्यांच्यावर एफएसएसएआयचे नियम लागू होतात. त्यांच्या लेबलवर ती औषधी वापरासाठी नाहीत, अशी सूचना इंग्रजीत छापलेली असते. पुढच्या बाजूला केसांचं मोठं चित्र आणि मागे बारीक अक्षरांत ही ओळ, असं दृश्य अनेकदा दिसतं.

औषध बाजारात आणण्यापूर्वी ते काम करतं हे सिद्ध करावं लागतं. सप्लिमेंटला त्या कसोटीतून जावं लागत नाही. 'वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध' असे शब्द दिसले तर चाचणी किती जणांवर, किती महिने आणि कुणाच्या पैशाने झाली, हे विचारायला हवं.

मग उपयोगी काय पडतं?

फीमेल पॅटर्न हेअर लॉससाठी सर्वाधिक पुरावा असलेलं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मुळात ही रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि त्यातून डोक्याला लावायचं औषध तयार झालं. महिलांसाठी २ टक्क्यांच्या द्रावणाला अमेरिकेत १९९१ मध्ये, तर ५ टक्क्यांच्या फोमला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली.

मिनॉक्सिडिल सुरू करण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. घाबरून अनेक जणी तिथेच औषध सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. औषध बंद केलं तर मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. डोक्याला खाज येणं, चेहऱ्यावर लव वाढणं असे त्रास होऊ शकतात. गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजत असताना ते वापरू नये.

काही त्वचारोगतज्ज्ञ कमी मात्रेतलं मिनॉक्सिडिल गोळीच्या रूपात देतात. काही महिलांना हार्मोन्सवर काम करणारी स्पिरोनोलॅक्टोनसारखी औषधं दिली जातात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. गर्भधारणेची शक्यता असेल तर यातली काही औषधं गर्भाला अपायकारक ठरू शकतात.

या उपचारांनी विशीतला शेपटा परत येत नाही. पण आहेत ते केस टिकतात आणि काही प्रमाणात जाड होतात. म्हणूनच भांग थोडा रुंद झालेला असतानाच सुरुवात करण्याला महत्त्व आहे.

कोणत्या तपासण्या करायच्या आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

केसगळतीसाठी सहसा हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच या तपासण्या सांगितल्या जातात. लक्षणांनुसार व्हिटॅमिन डी आणि बी-१२ही तपासतात. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून डोक्याची त्वचा पाहतात. बारीक आणि जाड केस मिसळलेले दिसले, तर फॉलिकल आकसत असल्याचं कळतं.

सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, गेल्या सहा महिन्यांतले आजार आणि आई-मावशी-आत्यांच्या केसांचा इतिहास सोबत न्यावा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा आणि आत्ताचा फोटोही उपयोगी पडतो.

पुढीलपैकी काही दिसलं तर मात्र थांबू नये:

- गोल चाई पडणं.
- डोक्याला आग, वेदना, खवले किंवा पू.
- पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर राठ केस वाढणं.
- कपाळावरची केसांची रेषा मागे सरकणं आणि भुवया विरळ होणं.

यातलं शेवटचं लक्षण विशेषतः पाळी गेलेल्या महिलांमध्ये दिसतं. तो फॉलिकल कायमचे नष्ट करणारा आजार असू शकतो. अशा वेळी सहा महिने गोळ्या घेऊन वाट पाहिली, तर गेलेले केस परत येण्याची शक्यता उरत नाही.

ताटात काय असावं?

केस प्रथिनांचे बनलेले असतात, त्यामुळे जेवणात प्रथिनं पुरेशी हवीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलो वजनाच्या महिलेसाठी हे साधारण ४६ ग्रॅम होतात. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री उरलेला भात असं खाणाऱ्या महिलेला ते मिळत नाहीत. घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरतं ते खायचं, ही सवयही त्याला कारणीभूत असते.

डाळ, मटकी-मुगाची उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यांचं प्रमाण वाढवता येतं. लोहासाठी बाजरी, कडधान्यं, हिरव्या पालेभाज्या आणि हळीव उपयोगी आहेत. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देण्याची आपल्याकडची पद्धत त्या दृष्टीने चांगलीच आहे. जेवणात लिंबू पिळलं की लोह अधिक शोषलं जातं. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला की ते कमी शोषलं जातं.

चांगल्या आहारानेही फीमेल पॅटर्न हेअर लॉस थांबत नाही, हे खरं आहे. पण कमतरतेमुळे होणारी गळती टळते आणि औषध सुरू असेल तर त्याला साथ मिळते.

गमीची बाटली मागवण्याआधी फेरिटिन आणि टीएसएच या दोन तपासण्या करून घ्याव्यात आणि त्वचारोगतज्ज्ञांना एकदा भांग दाखवावा. रिपोर्टमध्ये कमतरता निघाली तर गोळीचा उपयोग होईल, आणि ती कोणती, किती दिवस घ्यायची हेही कळेल. कमतरता निघाली नाही, तर गमीजवर जाणारे पैसे आणि हातातला वेळ योग्य उपचारासाठी वापरता येईल.